नवा फोन महिन्याभरात पुन्हा ‘भरतो’ तेव्हा

गेल्या दिवाळीत आमच्या मामांनी ६४ जीबी साठवणुकीचा अँड्रॉइड फोन घेतला आणि संक्रांतीपर्यंत त्यावर ‘स्टोरेज जवळपास भरले आहे’ ही सूचना तीन वेळा येऊन गेली. पहिल्या वेळी नातवाने काही व्हिडिओ पुसून दिले, दुसऱ्या वेळी कोपऱ्यावरच्या दुकानदाराने फोन ‘साफ’ करून दिला आणि जाता जाता एक सफाईचे ॲपही टाकून दिले. तिसऱ्या वेळी तक्रार माझ्याकडे आली. “अरे, दिवाळीचा फोन संक्रांतीला म्हातारा झाला की रे!” असे ते सांगलीहून फोनवर म्हणाले, तेव्हा मला हसू आले खरे, परंतु फोन भरल्यावर जे होते ते हसण्यासारखे नसते. कॅमेरा फोटो जतन करण्यास नकार देतो, प्ले स्टोअरवरून नव्या आवृत्त्या उतरत नाहीत, जुनी आवृत्ती चालणार नाही म्हणून बँकेचे ॲप अडून बसते आणि व्हॉट्सॲपवर आलेली कागदपत्रे उघडत नाहीत.

ही तक्रार ज्यांच्याकडून मी आजवर ऐकली आहे त्या जवळपास सर्वांनी एकच उपाय केलेला असतो: दिसेल ते पुसून टाकणे. त्याने दोन-तीन आठवडे आराम पडतो आणि मग दुखणे उलटते. गळक्या कौलाखाली ठेवलेले पातेले रोज रिकामे करावे तसा हा प्रकार आहे. कौल कुठे फुटले आहे ते कोणी वर चढून पाहत नाही. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे त्यात पुसण्याचा भाग थोडा आणि गळती शोधण्याचा भाग अधिक आहे.

सूचना कोणती, ते आधी नीट वाचावे

सर्वांत पहिला घोटाळा इथेच होतो. ‘फोनची जागा भरली’ आणि ‘गूगल खात्याची जागा भरली’ या दोन सर्वस्वी वेगळ्या सूचना आहेत आणि दोन्हींमध्ये ‘स्टोरेज’ हाच शब्द असल्यामुळे माणूस एकीवरचा उपाय दुसरीवर करत बसतो. फोनची जागा म्हणजे हातातल्या यंत्रातली जागा. गूगल खात्याची जागा म्हणजे जीमेल, ड्राइव्ह आणि गूगल फोटोज या तिन्हींत मिळून फुकट मिळणारी १५ जीबी जागा, जी फोनमध्ये नसून गूगलच्या संगणकांवर असते. १ जून २०२१ पूर्वी गूगल फोटोजमध्ये थोडे आकसून ठेवलेले फोटो या हिशेबात धरले जात नसत. त्या तारखेपासून ते धरले जातात. अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही पूर्वी या हिशेबाबाहेर होता, तो २०२४ पासून आत आला. खात्याची जागा भरली तर फोन व्यवस्थित चालतो, पण नवी ईमेल येणे थांबते आणि बॅकअप अडतो. मामांच्या फोनवर दोन्ही सूचना आळीपाळीने येत होत्या आणि दर वेळी साफसफाई होत होती ती फोनचीच. खात्याची सूचना त्याने जाणार नव्हती आणि गेलीही नाही.

दोन रविवारांचा कागद

गळती शोधण्यासाठी कोणतेही ॲप लागत नाही, कागद आणि पेन पुरते. सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज’ या नावाची जागा असते. काही फोनांत ती ‘फोनबद्दल’ किंवा ‘बॅटरी व डिव्हाइसची काळजी’ अशा नावाखाली दडलेली असते, तेव्हा सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत ‘स्टोरेज’ लिहिणे सोपे. तिथून मोकळी जागा किती आहे ते लिहून घ्यावे. त्यानंतर व्हॉट्सॲप उघडून त्याच्या सेटिंग्जमधील ‘स्टोरेज आणि डेटा’ या भागात ‘स्टोरेज व्यवस्थापित करा’ इथे दिसणारा आकडा लिहावा. हा आकडा वेगळा घ्यावा लागतो, कारण फोनच्या यादीत व्हॉट्सॲपचा पसारा बहुधा ‘चित्रे’ आणि ‘व्हिडिओ’ या सदरांत वाटून दाखवला जातो आणि मूळ धनी कोण ते कळत नाही. मग आठ दिवस काहीही न पुसता फोन नेहमीसारखा वापरावा आणि पुढच्या रविवारी तेच दोन आकडे पुन्हा लिहावेत.

मामांच्या कागदावर पहिल्या रविवारी मोकळी जागा ११.२ जीबी आणि व्हॉट्सॲप १४.६ जीबी असे होते. दुसऱ्या रविवारी मोकळी जागा ८.९ आणि व्हॉट्सॲप १६.५. म्हणजे आठवड्यात गेलेल्या २.३ जीबीपैकी १.९ जीबी एकाच वाटेने गेली होती आणि याच गतीने उरलेली जागा महिन्याच्या आत संपणार होती. एवढे कळल्यावर बाकीच्या फोनकडे संशयाने पाहण्याचे कारण उरत नाही.

आकडे लिहिताना आणखी एक गोष्ट ध्यानात येते. खोक्यावर ६४ जीबी लिहिलेले असले तरी खुद्द अँड्रॉइड आणि कंपनीने आधीच भरून दिलेली ॲप मिळून त्यातली पंधरा ते वीस जीबी जागा पहिल्या दिवसापासूनच व्यापलेली असते. त्यामुळे ‘६४ मध्ये मावायला हवे’ हा हिशेब मुळात पंचेचाळीसच्या आसपासचा असतो.

व्हॉट्सॲप: गळतीची मुख्य जागा

ही गळती नव्या फोनच्या पहिल्याच संध्याकाळी सुरू होते. जुन्या फोनवरचे बॅकअप नव्यावर उतरवले की संदेशांबरोबर चार-पाच वर्षांची सुप्रभात, वाढदिवसाचे केक, निवडणुकीच्या काळातली व्यंगचित्रे आणि एकाच आरतीची सहा जणांनी पाठवलेली चित्रफीत हे सारे नव्या घरात राहायला येते. नवा फोन अजून घ्यायचा असेल तर क्रम उलटा करावा: आधी जुन्या फोनवर पसारा आवरावा, मग बॅकअप घ्यावा आणि तो घेताना व्हिडिओ समाविष्ट करण्याचा पर्याय बंद ठेवावा. फोन घेऊन झाला असेल तर तेच आवरणे आता करायचे आहे.

आवरण्यापूर्वी मात्र नवी आवक बंद करावी. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’ या भागात ‘मीडिया ऑटो-डाउनलोड’ असे सदर आहे आणि त्याखाली मोबाइल डेटा, वाय-फाय व रोमिंग असे तीन विभाग आहेत. मूळ मांडणीत मोबाइल डेटावर फोटो आणि वाय-फायवर फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, कागदपत्रे असे सर्व काही आपोआप उतरते. तिन्ही विभागांतल्या सर्व खुणा काढून टाकाव्यात. त्यानंतर प्रत्येक फोटो धूसर दिसेल आणि त्याला बोट लावले तरच तो उतरेल. पहिले चार दिवस हे त्रासदायक वाटते, हे मान्य. पण धूसर दिसणाऱ्या गुलाबाच्या फुलावर ‘शुभ सकाळ’ आहे हे न उतरवताही ओळखता येते. ध्वनिसंदेश, म्हणजे बोलून पाठवलेले निरोप, तेवढे या खुणा काढल्यानंतरही आपोआप उतरतात; त्यांचा आकार लहान असल्याने त्यांची चिंता करू नये.

इथे तीन गैरसमज वारंवार आढळतात. पहिला ‘मीडिया दृश्यमानता’ या पर्यायाविषयीचा. तो बंद केला की नवे फोटो गॅलरीत दिसेनासे होतात आणि गॅलरी स्वच्छ झाल्याने फोन रिकामा झाल्याचे समाधान मिळते, परंतु फाइल फोनमध्येच असते, फक्त पडद्याआड. दुसरा गैरसमज असा, की गट म्यूट केला किंवा संग्रहित केला म्हणजे त्यातले व्हिडिओ येणे थांबते. थांबतो तो केवळ आवाज. तिसरा नाहीशा होणाऱ्या संदेशांचा: संदेश ठरलेल्या मुदतीनंतर संभाषणातून जातो, पण त्यातला फोटो त्यापूर्वीच गॅलरीत जतन झाला असेल तर तो तिथेच राहतो.

आवक थांबल्यावर ‘स्टोरेज व्यवस्थापित करा’ इथे परत यावे. सर्वांत वर ‘५ एमबीपेक्षा मोठे’ आणि ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेले’ असे दोन गठ्ठे दिसतात. अनेक वेळा फॉरवर्ड झालेल्या गठ्ठ्यात घरचे काही असण्याची शक्यता फारच थोडी, त्यामुळे तो एकदा नजरेखालून घालून संपूर्ण पुसता येतो. पुसताना त्याच वस्तूच्या इतर प्रतीही काढायच्या का, असे विचारले तर हो म्हणावे. मोठ्या फाइलींच्या गठ्ठ्यात मात्र घाई करू नये. मामांच्या फोनमध्ये या गठ्ठ्यात आजीने गायलेल्या जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण होते. मावशीने ते कधीतरी पाठवले होते आणि त्याची दुसरी प्रत कोणाकडेच नव्हती. असे काही सापडले तर त्या संदेशाला तारांकित करावे आणि पुसण्याआधी ती फाइल ड्राइव्हवर किंवा घरातल्या संगणकावर नेऊन ठेवावी. दोनदा घाईघाईने साफसफाई होऊनही त्या ओव्या वाचल्या, तो केवळ योग.

गठ्ठ्यांच्या खाली प्रत्येक संभाषणाने व्यापलेली जागा उतरत्या क्रमाने दिसते. पहिल्या पाच संभाषणांतच बहुतेक पसारा असतो आणि ती बहुधा गटच असतात. मामांच्या यादीत सोसायटीचा गट, निवृत्त सहकाऱ्यांचा गट आणि भावकीचा गट हे तिघेच मिळून अर्ध्याहून अधिक जागेचे मानकरी होते.

फाइल व्यवस्थापकातून व्हॉट्सॲपच्या फोल्डरात शिरलेल्यांना ‘सेंट’ नावाचा आणखी एक पेटारा सापडतो. आपण पुढे पाठवलेल्या फोटो-व्हिडिओंच्या प्रती तिथे साठतात. ज्यांना आलेले सर्व काही पुढे पाठवण्याची सवय आहे त्यांच्या फोनमध्ये तो दणदणीत असतो. तो रिकामा करता येतो, मात्र पाठवलेली वस्तू मग आपल्या संभाषणात उघडणार नाही. त्याच्या शेजारच्या ‘डेटाबेसेस’ फोल्डरात गेल्या सात दिवसांपर्यंतचे संदेशांचे स्थानिक बॅकअप असतात. त्याला हात लावू नये. ते जुने होतील तसे आपोआप जातात.

फोटो, कचरापेटी आणि डाउनलोड

कॅमेऱ्याचे काम थोडक्यात सांगता येते. फुल एचडी प्रतीचा एक मिनिटाचा व्हिडिओ साधारण शंभर-सव्वाशे एमबी जागा घेतो आणि ४के प्रतीचा त्याच्या तिपटीच्या आसपास. गणपतीची आरती ४के मध्ये टिपण्याचे कारण बहुतेकांना नसते, तेव्हा कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ती फुल एचडीवर आणावी.

गूगल फोटोजमध्ये ‘जागा मोकळी करा’ आणि ‘हटवा’ यांतला फरक न कळल्याने जे नुकसान होते ते मात्र भरून येत नाही. ‘जागा मोकळी करा’ केल्यास ज्या फोटोंचा बॅकअप झाला आहे त्यांची फक्त फोनमधली प्रत जाते. ‘हटवा’ केल्यास बॅकअप झालेला फोटो फोनमधून आणि खात्यातून, दोन्हीकडून जातो. हटवलेला फोटो कचरापेटीत जातो. बॅकअप झालेला असल्यास तिथे ६० दिवस आणि नसल्यास ३० दिवस राहतो. एवढे व्हिडिओ पुसूनही जागा का वाढली नाही, याचे उत्तर बरेचदा या कचरापेटीत असते.

गूगल फोटोजच्या बॅकअप सेटिंग्जमध्ये कोणत्या फोल्डरांचा बॅकअप घ्यायचा हेही ठरवता येते. तिथे व्हॉट्सॲपच्या चित्रांचे फोल्डर चालू असेल तर बंद करावे. अन्यथा तोच फोटो एकदा व्हॉट्सॲपच्या बॅकअपमध्ये आणि एकदा गूगल फोटोजमध्ये असा दोनदा मोजला जातो आणि १५ जीबी दुप्पट वेगाने संपतात. मामांच्या दुसऱ्या सूचनेचे मूळ हेच होते.

‘डाउनलोड’ फोल्डरात वीजबिले, लग्नपत्रिका आणि एकाच पीडीएफच्या तीन-चार प्रती सापडतात. त्या पुसताना नावाच्या शेवटी ‘एपीके’ असलेली फाइल दिसली तर ती उघडू नये, लगेच पुसावी. लग्नपत्रिका किंवा वाहतुकीचे चलन अशा नावाने आलेली एपीके फाइल ही पत्रिका नसून ॲप असते आणि ती बसवल्यावर ओटीपीचे संदेश परस्पर वाचून बँकेतले पैसे काढण्याचे प्रकार देशभर घडले आहेत.

कोणते ॲप राहावे, कोणते जावे

पहिला मान सफाईच्या ॲपचा. ते काढून टाकावे. अँड्रॉइडला मेमरी आणि कॅशे, म्हणजे ॲप पटकन उघडावे म्हणून साठवलेली तात्पुरती माहिती, सांभाळता येते. सफाईचे ॲप जी कॅशे उडवते ती पुढच्या वापरात पुन्हा तयार होते आणि मधल्या काळात हे ॲप स्वतःची जागा आणि जाहिराती घेऊन बसते. फेब्रुवारी २०२० मध्ये गूगलने त्रासदायक जाहिरातींसाठी जवळपास ६०० ॲप प्ले स्टोअरवरून काढली आणि त्याच वर्षी २९ जूनला भारत सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपच्या यादीत क्लीन मास्टर, डीयू क्लीनर, व्हायरस क्लीनर अशी सफाईच्या ॲपचीही नावे होती. मदत हवीच असेल तर गूगलचे ‘फाइल्स’ हे ॲप पुरेसे आहे आणि ते बहुतेक फोनांत आधीच असते.

दुसरा मान अशा ॲपचा, ज्यांचे काम फोन स्वतःच करतो. टॉर्च वरच्या पट्टीत असते, क्यूआर कोड कॅमेरा वाचतो, मराठी लिहिण्यासाठी आणि बोलून लिहून घेण्यासाठी गूगलच्या जीबोर्ड या कीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडली की वेगळ्या कीबोर्डची गरज उरत नाही. मामांच्या फोनमध्ये दोन टॉर्च, दोन क्यूआर वाचक आणि तीन कीबोर्ड होते; नव्या फोनची जुळणी करताना ‘जुन्या फोनवरील सर्व ॲप कॉपी करा’ यावर हो म्हटल्याचा तो परिणाम. त्या पडद्यावर यादी उघडून एकेका ॲपची खूण काढता येते, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

माझे मत असे, की नव्या फोनवर एका कामाला एकच ॲप असावे आणि ते काम माणूस महिन्यातून एकदा तरी करत असावा. मामा निवृत्तिवेतनधारक आहेत आणि तासगावकडे त्यांची थोडी द्राक्षबाग आहे. त्यांच्यासाठी बँकेचे एक आणि यूपीआयचे एक ॲप, वाहनपरवान्यासारख्या कागदांसाठी डिजिलॉकर, रेल्वेच्या तिकिटांसाठी रेलवन आणि वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ एवढी ठेवली. बागेत उभे असताना आकाश कडाडू लागले तर या शेवटच्या ॲपची किंमत कळते. ‘ई-पीक पाहणी’ हंगामातून एकदा लागते आणि हयातीच्या दाखल्याचे ‘जीवन प्रमाण’, त्याच्या जोडीचे चेहरा ओळखणारे आधारचे ॲप धरून, वर्षातून एकदा, बहुधा नोव्हेंबरात. ती काम झाल्यावर काढून टाकावीत आणि पुढच्या खेपेस नव्याने घ्यावीत. तोपर्यंत नवी आवृत्तीही आलेली असते. सातबारा पाहणे, एसटीचे आरक्षण यांसाठी ब्राउझर पुरतो. सरकारी ॲप घेताना प्ले स्टोअरवर नावाखाली प्रकाशकाचे नाव वाचावे, कारण सारख्या नावाची आणि सारख्या चिन्हाची खासगी ॲप शोधात वर दिसू शकतात.

काढून टाकण्याचा धीर होत नसेल तर प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये न वापरलेली ॲप आपोआप संग्रहित करण्याचा पर्याय चालू करावा. चिन्ह जागेवर राहते, आपली माहिती राहते, मुख्य बोजा तेवढा उतरतो. कंपनीने भरून दिलेली आणि न निघणारी ॲप ‘अक्षम’ करता येतात. त्यांच्या अद्ययावत आवृत्त्यांची जागा सुटते, मूळ जागा सुटत नाही. अक्षम करताना गूगल प्ले सर्व्हिसेस आणि अँड्रॉइड सिस्टम वेबव्ह्यू या दोहोंना मात्र हात लावू नये, नाहीतर इतर ॲप बंद पडू लागतात.

एखादे ॲप स्वतःच फुगलेले दिसले तर सेटिंग्जमधील त्याच्या माहितीच्या पडद्यावर ‘कॅशे साफ करा’ आणि ‘स्टोरेज साफ करा’ अशी दोन बटणे असतात. पहिले निर्धोक आहे. दुसरे दाबले की ॲप कोरे होते आणि नव्याने लॉगिन करावे लागते. व्हॉट्सॲपवर ते कधीच दाबू नये. टेलिग्राम वापरणाऱ्यांनी त्याच्या सेटिंग्जमधूनच कॅशे रिकामी करावी, कारण तिथल्या नेहमीच्या संभाषणांतील फाइल त्याच्या सर्व्हरवर राहतात आणि हव्या तेव्हा परत उतरतात.

एवढे करूनही दुसऱ्या कागदावर गळती दिसत राहिली आणि ती कोणत्याच ॲपच्या नावावर नसेल, तर सर्व काही पुसून फोन मूळ स्थितीत नेणे (फॅक्टरी रीसेट) हा शेवटचा मार्ग राहतो. त्याआधी व्हॉट्सॲपचा आणि फोटोंचा बॅकअप पूर्ण झाल्याचे पाहावे, गूगल खात्याचा पासवर्ड आठवतो ना हे तपासावे आणि बँकेत नोंदवलेले सिम त्याच फोनमध्ये ठेवावे, कारण यूपीआयची फेरनोंदणी त्या सिमवरून एसएमएस गेल्याशिवाय होत नाही. त्या सिमवर एसएमएसची सोय चालू नसेल तर नोंदणी तिथेच अडते आणि माणूस बँकेला दोष देत बसतो.

मामांच्या फोनवर ती वेळ आली नाही. व्हॉट्सॲपमधून १२ जीबी आणि ॲपमधून ३.४ जीबी गेल्यावर मोकळी जागा २४.३ झाली. पुढच्या रविवारी त्यांनी स्वतः आकडा लिहून त्या कागदाचा फोटो मला पाठवला: २४.१. मधल्या ०.२ जीबीचा हिशेबही त्यांनी खाली लिहिला होता, तो नातीच्या स्नेहसंमेलनातल्या लेझीमच्या व्हिडिओचा होता.